तेल-तूप सोडलं की दुखणं सुटतं का?

कुही तालुक्यातल्या बी.फार्म.च्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "आई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या निवडायच्या आवारात, देठं खुडायला जाते. संध्याकाळी घरी आली की हातांची आग होते, आणि गरम पाण्यात हात घातला की ती आणखी भडकते. आबाजींचे गुडघे दुखतात, तर त्यांना कोणीतरी सांगितलं की तेल-तूप बंद करा, चरबीनेच दुखणं वाढतं. वर्गात आम्हाला शिकवलं की शरीरातले लिपिड वेदनेचे आयन चॅनेल उघडतात. मग तो सांगणारा बरोबर म्हणतो का?"

नाही. आबाजींना वरणभातावर चमचाभर तूप खाऊ द्या.

वर्गात शिकवलेलं मात्र खरं आहे. गोम अशी की वेदनेच्या चॅनेलवर (चॅनेल म्हणजे पेशीच्या आवरणातलं, उघडमिट करणारं प्रथिनाचं दार) परिणाम करणारे लिपिड, म्हणजे मेदासारखे रेणू, ताटातून उठून थेट गुडघ्यात जात नाहीत. पेशीच्या आवरणातूनच ते गरज पडेल तसे जागच्या जागी कापून काढले जातात, आणि त्यांतले बरेचसे थोड्याच वेळात मोडूनही टाकले जातात. एखादी गोष्ट किती दुखायची हे बरंचसं त्या आवरणात ठरतं. मी बरीच वर्षं खेड्यातली ओपीडी चालवतो. दुखण्याच्या गोळ्या कुठे चालतात आणि कुठे थकतात, हे या लिपिडांचा कारभार कळल्याशिवाय नीट समजत नाही, असं माझं मत आहे. तुम्ही उद्या काउंटरच्या पलीकडे उभ्या राहणार, म्हणून सविस्तर लिहितो.

वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंची टोकं त्वचेत, सांध्यांत, आतड्याच्या भिंतीत पसरलेली असतात. त्यांच्या पेशी पाठीच्या कण्यालगतच्या गाठींमध्ये असतात. टोकाच्या आवरणात जी प्रथिनं रुतलेली असतात, त्यांतलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं म्हणजे टीआरपीव्ही-१. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत त्याचं जनुक सापडलं, तेही मिरचीतल्या कॅप्सेसिनचाच गळ टाकून. ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, अर्डेम पटापुटियन यांच्यासोबत. हे चॅनेल साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर उघडतं, आम्लाने उघडतं आणि मिरचीनेही उघडतं. उघडलं की सोडियम आणि कॅल्शियम आत शिरतात, तंतू उद्दीपित होतो आणि मेंदूकडे निरोप जातो: भाजलं. मिरचीने कातडी भाजलेली नसते, पण निरोप तोच असल्यामुळे मेंदूला फरक कळत नाही. (पक्ष्यांच्या चॅनेलमध्ये कॅप्सेसिन धरणारी जागा वेगळी आहे. म्हणून तर पोपट मिरची मजेत खातो.)

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. २०१३ मध्ये ज्युलियस आणि यिफान चेंग यांच्या गटांनी हे चॅनेल अतिथंड गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ अणूंच्या पातळीवर पाहिलं. २०१६ मध्ये त्यांनी तेच चॅनेल लिपिडच्या चकतीत, म्हणजे नैसर्गिक आवरणाच्या जवळ जाणाऱ्या परिस्थितीत बसवलं. तेव्हा दिसलं की कॅप्सेसिन ज्या खाचेत बसतं तिथे आधीच कोणीतरी बसलेलं आहे. ते होतं आवरणातलंच एक लिपिड, फॉस्फॅटिडिल इनोसिटॉल. उमरेडच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून एसटीतली जागा धरतात ना, तसं. रुमाल जागेवर आहे तोवर चॅनेल मिटलेलं. कॅप्सेसिन येतं, रुमाल बाजूला सारतं, स्वतः बसतं आणि चॅनेल उघडतं. थोडक्यात, मिरचीचा दाह हा एका लिपिडाला जागेवरून उठवल्याचा परिणाम आहे. ते लिपिड तिथे होतं म्हणूनच सगळं शांत होतं. "चरबीनेच दुखतं" हे सरसकट म्हणणं पहिल्याच पायरीवर गळून पडतं.

याच लिपिडाला दोन फॉस्फेट जास्त जोडले की पिप-टू नावाचं लिपिड होतं. ते आवरणाच्या आतल्या थरात असतं. २००१ च्या सुमाराला असं मानलं गेलं की पिप-टू चॅनेलला दाबून ठेवतं. पुढच्या प्रयोगांनी चित्र बरंचसं उलटवलं. आज बहुतेक जण मानतात की चॅनेल चालू राहण्यासाठी पिप-टू लागतं. वाद पूर्ण मिटलेला नाही. तुमच्या पुस्तकात एकच बाजू छापली असेल तर परीक्षेत ती लिहा, डोक्यात मात्र दोन्ही ठेवा.

आईच्या हाताशी याचा सरळ संबंध आहे. चॅनेल उघडून कॅल्शियम आत आलं की ते फॉस्फोलायपेज-सी नावाच्या विकराला (एन्झाइमला) जागं करतं. ते विकर पिप-टू तोडतं, आणि पिप-टू कमी झालं की चॅनेल आपोआप मंदावतं. शिवाय तेच कॅल्शियम या चॅनेलवरचे फॉस्फेटही काढायला लावतं. हंगामाच्या सुरुवातीला "हातांची लय आग होऊन राह्यली जी" म्हणत येणारी बाई पुढे तेच काम करताना कुरकुरत नाही, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. मारा फार जोरदार आणि लांबला तर कातडीतली तंतूंची टोकंच काही काळ मागे सरतात. नागिणीनंतर राहणाऱ्या दुखण्यावर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी तासभर लावतात, तिचा गुण काहींना तीन महिन्यांपर्यंत टिकतो तो यामुळेच. पण सातऱ्यावरची सवय म्हणजे इलाज नव्हे. हात बधिरले तरी डोळे, नाक आणि छाती त्या पुडीला सरावत नाहीत. शिंका, खोकला, दम यांवर मी हातांपेक्षा जास्त लक्ष ठेवतो.

गरम पाण्याचं कोडंही इथेच सुटतं. कॅप्सेसिन कातडीत मुरलेलं असताना चॅनेल ४३ अंशांची वाट पाहत नाही. एरवी ऊबदार वाटलं असतं ते अंघोळीचं पाणी मग पोळतं. आणि नुसत्या गार पाण्याने तात्पुरतं बरं वाटतं, पण कॅप्सेसिन निघत नाही, कारण ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, तेलात विरघळतं. म्हणून क्रम असा ठेवा: घरी आल्यावर कोरड्या हाताला खायचं तेल भरपूर चोळायचं. बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा विसरायच्या नाहीत, देठ मोडताना सगळी पूड तिथेच जाऊन बसते. चार-पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून काढायचं, मग साबण आणि गार पाणी. आग राहिली तर पुन्हा तेल. त्यानंतर वाटीभर थंड ताकात हात बुडवून ठेवले तरी आराम पडतो. ते तेलाचं फडकं वेगळं ठेवा, त्यानेच कोणीतरी तोंड पुसतं आणि मग घरभर बोंब होते. हे सगळं झाल्याशिवाय लहान पोराला उचलू नये. डोळ्यात गेलं तर तिथे तेलाचा प्रयोग नको. स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि लाली किंवा दुखणं राहिलं तर ग्रामीण रुग्णालय गाठायचं. कामावर रबरी हातमोजे मिळाले तर उत्तम. कापडी मोज्यांत पूड साठते आणि दिवसभर हाताला घासत राहते. डॉक्टरी पुस्तकांत या त्रासाला चीनच्या एका प्रांतावरून "हुनान हँड" म्हणतात. भिवापुरी मिरचीला जीआय मानांकन मिळालं, तसं या दुखण्यालाही भिवापूरचं नाव द्यायला माझी हरकत नाही.

आबाजींच्या गुडघ्यात मिरची नाही. मग तिथे चॅनेल कशाने उघडतं? इथे शरीराचे स्वतःचे लिपिड खरोखर दुखवण्याच्या बाजूला येतात. झिजलेल्या सांध्याचं अस्तर सुजतं. तिथल्या पेशींच्या आवरणातून फॉस्फोलायपेज-ए-टू हे विकर २० कार्बनचं अ‍ॅराकिडोनिक आम्ल कापून बाहेर काढतं. पुढे वाटा फुटतात. एक वाट कॉक्स विकराची, तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-टू तयार होतं. ते स्वतः वेदनेचं चॅनेल उघडत नाही, हा मुद्दा विद्यार्थी हमखास चुकवतात. ते तंतूवरच्या आपल्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं, आत पीकेए आणि पीकेसी ही विकरं कामाला लागतात, आणि ती टीआरपीव्ही-१ वर आणि एनएव्ही १.८ या सोडियम चॅनेलवर फॉस्फेट चढवतात. त्याने उघडण्याचा उंबरठा खाली येतो. प्रयोगशाळेत अशा चॅनेलला शरीराचं नेहमीचं तापमानदेखील पुरेसं ठरल्याचं दिसलं आहे. म्हणजे सुजलेल्या सांध्याला स्वतःचीच ऊब दुखू शकते. वर सुजेत आम्लता वाढलेली असते, ती भर घालते.

दुसरी वाट लायपॉक्सिजनेजची. तिथे १२-एचपीईटीईसारखे जे पदार्थ निघतात, ते प्रोस्टाग्लँडिनसारखे आडून काम करत नाहीत, कॅप्सेसिनप्रमाणे थेट चॅनेलच उघडतात. तिसरं, लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल. ते अ‍ॅराकिडोनिकच्या वाटेचं नाही, आवरणातल्या दुसऱ्याच लिपिडांपासून बनतं आणि नस दुखावल्यावर वाढतं. मेक्सिकोतल्या तमारा रोझेनबाम यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की तेही टीआरपीव्ही-१ ला थेट चिकटून ते उघडतं. आणि भाजलेल्या कातडीत लिनोलिक आम्ल या मेदाम्लाचं ऑक्सिडीकरण होऊन ९-एचओडीईसारखे पदार्थ तयार होतात, तेही याच चॅनेलवर येतात.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांनी फक्त कॉक्सची वाट अडते. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये अ‍ॅस्पिरिनचं हे काम उलगडलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. बाकीच्या वाटा वाहत्याच राहतात. "गोळी घेतली की सत्तर टक्के कमी होतं, उरलेलं जातच नाही," असं आबाजी म्हणत असतील तर ते हट्टीपणा करत नाहीत. त्यावर दुसरी, तिसरी त्याच जातीची गोळी वाढवून काही मिळत नाही, कारण अडवलेली वाट पुन्हा अडवायची काय? स्टिरॉइड त्याच्याही वर, आम्ल कापलं जाण्याच्या टप्प्यावर हात घालतं, म्हणून "जादूची पुडी" देणाऱ्यांच्या पुडीने गुडघे दोन दिवसांत पळायला लागतात. मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं. अशी बिननावाची पुडी कोणी आणली तर मी आधी ती टेबलावर ठेवायला सांगतो, बाकी तपासणी नंतर.

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखवत नाहीत. जठराच्या अस्तराचं रक्षण तेच करतात, आणि अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवण्यातही त्यांचा मोठा हात असतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उन्हात तेंदूपत्ता तोडून आलेला माणूस, दिवसभर घोटभर पाण्यावर, पाठ दुखते म्हणून डायक्लोफेनॅकची अख्खी पट्टी मागतो. नेमक्या त्या वेळी त्याचं मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावर तग धरून असतं. त्यात रक्तदाबाची गोळी किंवा लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर धोका आणखी वाढतो. त्याला आधी पाणी, मीठ-साखर, सावली द्या. पट्टी देऊ नका.

शांत करणारे लिपिडही शरीर स्वतःच बनवतं. त्यांतलंच एक, अ‍ॅनँडामाइड १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये राफेल मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. हेही आवरणातूनच, मागणी येईल तसं तयार होतं. गांजाचा अंश ज्या ग्राहींवर बसतो त्याच ग्राहींवर बसून ते वेदनेचे संदेश मंदावतं. आणि फाह नावाचं विकर त्याला लवकरच मोडतं. पण १९९९ मध्ये असंही दिसलं की हेच अ‍ॅनँडामाइड टीआरपीव्ही-१ उघडू शकतं. थोडं असताना शांत करणारं, भरमसाट झालं की चेतवणारं. एका रेणूला "वेदनाशामक" किंवा "वेदनाकारक" असं लेबल लावून मोकळं होता येत नाही, ते यामुळे.

२०१९ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका बाईंची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष्यभर त्यांना वेदना जवळपास जाणवलीच नव्हती. भाजलं तर कातडीच्या वासावरून कळायचं. त्यांच्या फाहच्या जनुकात आणि त्याच्या शेजारच्या भागात बदल होता, रक्तात अ‍ॅनँडामाइड जास्त होतं. मग फाहला अडवणारी गोळी काढली की झालं, असं कोणालाही वाटेल. कंपन्यांनाही वाटलं होतं, त्या बाईंची नोंद येण्याच्या आधीपासून. गुडघ्याच्या झिजेवर एका औषधाची चाचणी झाली. अ‍ॅनँडामाइड वाढलं, दुखणं कमी झालं नाही. फ्रान्समध्ये रेन शहरात २०१६ मध्ये दुसऱ्या एका औषधाच्या चाचणीत एक निरोगी स्वयंसेवक दगावला आणि इतर काहींच्या मेंदूला इजा झाली. त्या औषधाने फाहखेरीज इतर विकरांनाही धरलं होतं, असं नंतरच्या तपासात पुढे आलं.

टीआरपीव्ही-१ च कायमचं बंद केलं तर? तेही करून पाहिलं. असं औषध घेतलेल्यांना ताप चढला, काहींना ४० अंशांपर्यंत, कारण हे चॅनेल शरीराचं तापमान राखण्यातही भाग घेतं. आणि काही औषधांनी गरम वस्तूचा चटका उशिरा कळू लागला. चुलीवर भाकरी थापणाऱ्या बाईला असं औषध देण्याची कल्पनाही नको.

गंमत म्हणजे या साऱ्याच्या जवळून जाणारी एक गोळी तुमच्या घरात आधीच आहे. पॅरासिटामॉलचा काही भाग शरीरात बदलतो, मेंदूत पोचतो, आणि तिथे हेच फाह विकर त्याला अ‍ॅराकिडोनिक आम्लाशी जोडून एएम-४०४ नावाचं रसायन बनवतं. ते मेंदूतल्या टीआरपीव्ही-१ वर काम करतं. पॅरासिटामॉलचं सगळं काम एवढ्याने उलगडत नाही, आणि झिजलेल्या गुडघ्यावर तिचा गुण माफकच, हेही सांगायला हवं.

वेदनेची इतर चॅनेलंही लिपिडांच्या संगतीनेच चालतात. टीआरपीए-१ ला ऑक्सिडीकरणात निघणारं ४-हायड्रॉक्सिनोनेनल चिकटतं आणि उघडतं. पटापुटियन यांनी शोधलेली पिएझो चॅनेलं दाब टिपतात, आणि आवरणात कोणती मेदाम्लं आहेत त्यावर त्यांचा हळवेपणा बदलतो. उलट ट्रेक-१ हे पोटॅशियमचं चॅनेल अ‍ॅराकिडोनिक आम्लाने उघडतं आणि तंतूला शांत करतं. म्हणजे जे आम्ल एका वाटेने आग लावतं तेच दुसरीकडे विझवतं. यावर एक अख्खं उत्तर होईल, इथे एवढंच.

राहिलं ताट. आवरण शेवटी खाल्लेल्या मेदातूनच घडतं, म्हणून "किती" यापेक्षा "कोणतं" याला थोडा अर्थ आहे. आपल्याकडे पूर्वी घराघरांत जवस होता, तेलही आणि चटणीही. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ च्या कुळातलं. आता घरोघरी सोयाबीन तेल आहे, त्यात निम्म्याच्या आसपास लिनोलिक आम्ल, ओमेगा-६ च्या कुळातलं. करडईत ते त्याहून जास्त, सरकीत सोयाबीनइतकंच. अमेरिकेत अर्धशिशीच्या १८२ रुग्णांवर १६ आठवड्यांची आहाराची चाचणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. मासळीतलं ओमेगा-३ वाढवून लिनोलिक कमी केलेल्या गटाची डोकेदुखी महिन्याला साधारण चार दिवसांनी घटली, नुसतं ओमेगा-३ वाढवलेल्या गटाची दोन दिवसांनी. पण ते ओमेगा-३ समुद्री मासळीचं होतं. जवसातल्या आम्लाचं तसल्या रूपात शरीर फार थोडंच रूपांतर करतं. आणि ती डोकेदुखी होती, गुडघे नव्हते. तेव्हा जवसाची चटणी आवडीने खा, घाण्याचं ताजं तेल मिळालं तर तेही वापरा, मात्र ते तळणासाठी नको, ते फार लवकर खवट होतं. ती चटणी गोळीची जागा घेईल ही अपेक्षा ठेवू नका. आबाजींचं वजन जास्त असेल तर तेल आवरतं घेणं योग्य आहे, पण ते गुडघ्यावरचा भार उतरवण्यासाठी.

गुडघ्यासाठी मी त्यांना आधी मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम सांगेन, मग डायक्लोफेनॅकची गोळी न देता तिचं जेल, आणि त्याने भागलं नाही तर कॅप्सेसिनचं मलम. होय, आईच्या हातांना छळणारं तेच कॅप्सेसिन, फक्त मोजून घातलेलं: ०.०२५ टक्क्याचं, दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन आठवडे नेमाने. पहिले काही दिवस चुरचुर होणारच. ती झाली म्हणून मध्येच सोडलं तर चॅनेल मंदावण्याचा टप्पा येतच नाही आणि नुसती आग पदरी पडते. कातडी फाटलेली असेल तिथे लावायचं नाही, लावल्यावर शेकायचं नाही, आणि बोटं तेलाने पुसून साबणाने धुवायची. घरची मिरची वाटून गुडघ्याला बांधण्याचा उद्योग मात्र करू देऊ नका. तिच्यात किती कॅप्सेसिन आहे हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि फोड आलेला गुडघा घेऊन आलेल्या माणसाला नंतर मलमही लावता येत नाही.